म्हातारी मंजूर झाली

पत्र सकाळी आले. घरात जिला म्हातारी म्हणावे अशी कोणी नव्हती, तरी ते म्हातारीच्याच नावाने आले.

वकिलाने ते मोठ्याने वाचले. तो काही खरा वकील नव्हता, बाजारपेठेत त्याचे बियाण्यांचे दुकान होते. पण आबांचा हा थोरला मुलगा कांदे घेतानाही दोन्ही बाजू ऐकून घेई, म्हणून शाळेपासून त्याला हेच नाव चिकटले होते. स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाशी उभे राहून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून त्याने सुरुवात केली, "श्रीमती म्हातारी, राहणार घर क्रमांक एकशे सतरा, यांस कळवण्यात येते की, आपली थकलेली अवस्था व तीस वर्षांची अखंड सेवा लक्षात घेऊन वृद्ध शेतकरी विसावा अनुदान आपणांस तीन वर्षांसाठी मंजूर करण्यात येत आहे."

त्याची बायको, थोरली, बटाटे सोलत होती. तिची सुरी थांबली. कोण म्हातारी, असे तिने विचारलेच.

"एकशे सतरा हा घराचा नंबर नाही," धाकटी सून म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला विहिरीतून आल्यासारखा वाटला. "तो शेताचा गट आहे. मी वरच्या चौकटीत लिहिला होता."

आणि मग सगळ्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला.

या घराला शेतांना नावे ठेवायची खोड होती, दोन्ही अर्थांनी. डोंगराकडचा वाकडा तुकडा तो तिरळी. मशागत भरपूर मागून पीक मूठभर देणारा तो जावई. ओढ्याला पाणी चढले की दर वर्षी आठ दिवस गाळाखाली जाऊन पुन्हा वर येणारी ती पाहुणी. आणि पाहुणीच्या वरच्या अंगाला, तीस वर्षे एकही हंगाम न चुकवता पिकत आलेली, आता मात्र दाणा बारीक पडू लागलेली, ती म्हातारी.

बटाट्याच्या लावणीच्या दिवशी याच टेबलाशी बसून ठरले होते. सरकारने जमिनीला विसावा देणाऱ्यांसाठी अनुदान काढले होते. शेत तीन वर्षे पेरायचे नाही, माती सावरू द्यायची, त्याबदल्यात सरकार पैसे देणार. ते अनुदान मिळाले तर म्हातारीने विसावा घ्यायचा. नाही मिळाले तर तिची वरची दीड हात माती वीटवाल्याला द्यायची. वीटवाला मागेच लागला होता. आबांनी दोन्ही गोष्टींना मान डोलावली होती, आणि आबांनी मान डोलावली की ती गोष्ट दगडावर कोरली जाई. आबांचे डोळे अधू झाल्यापासून कागद कुणी भरायचे हा प्रश्न होता. धाकटीने हात वर केला होता. तिचा नवरा कापणीचे यंत्र घेऊन महिनाभर दुसऱ्यांच्या शेतांवर फिरत होता. त्यामुळे तिच्या बाजूने बोलायला कोणी नव्हते आणि विरोधातही कोणी बोलले नव्हते. या घरात आल्यापासून, सात वर्षांत, तिच्या हाती आलेला तो पहिलाच कागद.

तिने तो मन लावून भरला होता. नाव: म्हातारी. अवस्था: थकली आहे, पूर्वीसारखं होत नाही. कारण: तीस वर्षांत एक दिवस सुट्टी नाही. काय हवे: तीन वर्षं विसावा. देखभाल कोण करणार: घरचेच.

आता ते आठवून तिला टेबलाखाली शिरावेसे वाटले. कचेरीत विसाव्याच्या दोन योजना होत्या, एक जमिनीसाठी, एक साठी ओलांडलेल्या शेतकऱ्यांसाठी. असा अर्ज वाचून कोणत्याही दयाळू कारकुनाने तो कोणत्या गठ्ठ्यात टाकला असता?

"जमिनीच्या अर्जाची मुदत गेल्या शुक्रवारी संपली," वकिलाने पत्राची मागची बाजू वाचली. "आणि लाभार्थीची ओळख पटवायला आज अकरा वाजता साहेब येणार."

मग थोरलीला हसू आले. ती तोंडावर फडके धरून हसली, वकील हसला, आणि कोपऱ्यात बसलेल्या आबांच्या मिशीचे टोकही हलले. धाकटी तेवढी हसली नाही. वीटवाल्याला उत्तरासाठी आजच दुपारी बोलावलेले होते.

*

आत्या शेतावरून आली ती या हसण्यात. आबांची ही धाकटी बहीण एकसष्ट वर्षांची होती, आणि गमबुटांसकट दारात उभी राहिली की दार भरून जाई. तिने खांद्यावरचे फावडे भिंतीला टेकवले आणि एवढे काय पिकले म्हणून विचारले.

"आत्या, म्हातारी मंजूर झाली," वकील म्हणाला.

आत्याचा चेहरा फुलला. तिने धाकटीच्या पाठीवर असा हात मारला की धाकटीला ठसका लागला. मग तिला पत्र वाचून दाखवले, आणि चेहरा हळूहळू मिटत गेला.

वकिलाच्या डोक्यात तोवर खटला उभा राहिला होता. त्याने तो मांडला. पत्र म्हातारीच्या नावाने आहे. घरात साठी ओलांडलेली, शेतात राबलेली एक बाई आहे. तिला आम्ही लाडाने म्हातारी म्हणतो, एवढेच साहेबांना सांगायचे. अनुदान मिळाले की ठरल्याप्रमाणे शेताला विसावा. कोणाचे काय बिघडले?

"मला कधी कुणी लाडाने म्हातारी म्हटलंय?" आत्याने विचारले.

"आजपासून म्हणू."

"हे खोटं झालं."

"खोटं नाही आत्या. थोडं आगाऊ खरं."

आत्याने त्याच्याकडे पाहिले. रागावली की तिच्या तोंडून बोलणे साधे न येता यमक जुळून येई. ती म्हणाली,

"वकिलाच्या घरी शब्दांचं गं पीक,
कापायला गेलं तर दाणा नाही एक."

थोरली पुन्हा फडक्याआड गेली. नवऱ्याला टोमणा बसला की तिला आत्या फार आवडे. पण मग तिनेच, हसू पुसत, पत्रातली शेवटची ओळ दाखवली. मंजुरीनंतर लाभार्थीने शेतावर कोणतेही काम करू नये. तसे आढळल्यास अनुदान परत घेण्यात येईल.

वकील म्हणाला, ते काय, कागदावरचे. आबा पहिल्यांदाच बोलले, "या घरात कागदावरचं ते शेतावरचं."

धाकटीला तेव्हाच बोलायचे होते. आत्याबाई, हे नको, एवढेच. पण दीड हात माती तिच्या डोळ्यांपुढे होती, वीटवाल्याच्या गाड्या होत्या, आणि पुढची तीस वर्षे जेवताना निघणारी गोष्ट होती, धाकटीने कागद भरला आणि म्हातारी गेली. ती बटाट्यांची साले गोळा करत राहिली. आत्या परसात हात धुवायला गेली तेव्हा तिला सुटल्यासारखे वाटले. त्याचीच तिला लाज वाटली.

*

परसातल्या हातपंपाला पहिले तीन दांडे पाणी येत नसे. आत्याने न मोजता तीन दांडे मारले आणि चौथ्याला हात खाली धरला.

ती बावीस वर्षांची असताना या घरी परत आली होती, एक पेटी घेऊन. तेव्हा सगळ्यांनी विचारले होते, का आलीस. आईने रडून विचारले, शेजारणींनी गोड बोलून, आबांनी नुसते बघून. विचारले नव्हते ते फक्त शेताने. मग आबाच म्हणाले होते, जा तिकडे कोळपणीला. ती गेली, आणि मातीने तिला घोट्यापर्यंत आत घेतले, जशी काही ती सकाळीच उठून गेली होती. त्या शेताला तेव्हा म्हातारी म्हणत नसत. दोघी एकदमच मोठ्या झाल्या, आणि एक पुढे निघून गेली.

दीड हात म्हणजे किती? तिने आपला ओला हात कोपरापासून बोटांपर्यंत पाहिला, मग आणखी अर्धा. एवढ्या मातीत तिची सगळी वर्षे बसत होती. खाली मग काय राहणार? पिवळा मुरूम.

एका म्हातारीला वाचवायला दुसरीने म्हातारी व्हायचे. सोपा व्यवहार होता. तीन वर्षे पडवीत बसायचे. लोक बसतातच की. तिने बूट काढून पुढच्या दारातल्या दगडावर उलटे घातले, केस विंचरले, पेटीतले धुवट कपडे घातले, आणि आबांची जुनी काठी मागून घेतली.

काठी कशी धरायची ते तिला माहीत नव्हते. थोरलीने शिकवले. भार हिच्यावर द्या, आत्याबाई, ही फावड्यासारखी उचलायची नाही. दोघी अंगणात चार फेऱ्या चालल्या. तिसऱ्या फेरीला वाटेत पाण्याची घागर आली, ती आत्याने काठी काखेत मारून एका हाताने उचलली आणि सावलीत नेऊन ठेवली. थोरलीने कपाळाला हात लावला.

*

साहेब अकराला पाच कमी असताना आले. सायकलवर आले, पँटीच्या पायांना चिमटे लावून. पडवीत बसायला दिले तर आधी त्यांनी ते चिमटे काढून खिशात ठेवले. आबांना त्यांचा चेहरा दिसत नव्हता. हल्ली समोर बसलेला माणूस त्यांना दुधात बुडवलेल्या पावासारखा दिसे, कडा विरघळलेल्या. पण आवाज ऐकून माणूस ओळखता येई, आणि हा आवाज सरळ होता. अशा माणसाशी खोटे बोलणे जड जाते.

साहेबांनी आत्याला नमस्कार केला, तब्येत विचारली. मग कागद काढला.

"आपल्याला घरात म्हातारी म्हणतात?"

"आजकाल म्हणतात," आत्या म्हणाली.

"वय?"

आत्या थांबली. वकिलाने एकसष्ट सांगितले. आत्याने त्याच्याकडे असे पाहिले की त्याने खुर्ची मागे घेतली.

"शेतावरचं काम कधी सोडलंत?"

"म्हणजे?"

"शेवटचं शेतात कधी गेला होतात?"

"आत्ताच आले."

वकिलाला खोकला आला. तो खोकला बराच वेळ चालला. तो म्हणाला, फिरायला जाते ती, हवा खायला, डॉक्टरांनी सांगितलंय. साहेबांनी दारात उलटे घातलेले, चिखलाने भरलेले गमबूट पाहिले. त्यांनी काम न करण्याची अट समजावून सांगितली, सावकाश, दोनदा, जसे ऐकायला कमी येणाऱ्याला सांगतात. निंदणी नाही. पेरणी नाही. बांधावर पडलेली फांदीही उचलायची नाही. कुणी बघितले आणि कळवले तर सगळे परत.

"मग दिवसभर काय करायचं?" आत्याने विचारले.

"विसावा."

"तो संपला की?"

साहेबांच्या कागदावर तसा खाना नव्हता. त्यांनी पेन पुढे केले.

आबा ऐकत होते. आधी पेनाचे टोपण काढल्याचा आवाज आला. मग कागद सरकल्याचा. मग काहीच नाही. त्यांना आठवले, ही परत आली त्या वर्षी आपण हिला शेतावर पाठवले ते दयेपोटी नव्हे, माणसे कमी होती म्हणून. तिने मात्र ते देणे मानले. इतकी वर्षे ते कधी तिला सांगितले नाही, आता सांगून काय उपयोग. ते कागदावर पेन घासण्याची वाट बघत राहिले, आणि तो आवाज येऊ नये असे त्यांना वाटत होते.

"साहेब," धाकटी म्हणाली, "ही म्हातारी नाही."

सगळ्यांच्या माना वळल्या. धाकटी दाराची चौकट धरून उभी होती.

"अर्ज मी भरला होता. म्हातारी इथे राहत नाही. ती खाली आहे, ओढ्याकाठी."

आत्याच्या हातातले पेन हवेतच राहिले. साहेब म्हणाले, "ओढ्याकाठी? एकटी?"

"पलीकडे पाहुणी असते. पण ती वर्षातले आठ दिवस पाण्याखाली जाते."

"बाई, तुम्ही काय बोलताय? वर छप्पर वगैरे?"

"छप्पर कशाला?"

"आणि तिच्या खाण्याचं?"

"दर वर्षी दोन गाड्या शेणखत घालतो," धाकटी म्हणाली. आणि मग आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आले. तिने दोन्ही हातांत तोंड लपवले.

पहिली हसली ती आत्या. पोटातून, काठी टाकून. मग थोरली. साहेबांना समजायला आणखी चार वाक्ये लागली, आणि समजल्यावर त्यांनी रुमाल काढून डोळे पुसले. ते म्हणाले, गेली चार रात्री ते या अर्जामुळे नीट झोपले नव्हते. त्यांनी बायकोला वाचून दाखवला होता. ती रडली होती. तीस वर्षांत एक दिवस सुट्टी नाही, आणि देखभाल म्हणे घरचेच करतील.

"मला तिला भेटायला आवडेल," साहेब म्हणाले.

*

ओढ्याकडे उतरणारी पायवाट एकामागे एक चालण्याइतकीच होती. पुढे आत्या, पुन्हा गमबूट घालून, काठीशिवाय. काठी आता तिच्या मालकाकडे परत गेली होती. आबांना धाकटीने हात दिला होता. मधे साहेब आणि वकील. सगळ्यात मागे थोरली, बटाटे तसेच टाकून आलेली, कारण असे काही चुकवणे तिला परवडणारे नव्हते.

म्हातारी उन्हात पसरली होती. मागच्या पिकाची धसकटे अजून उभी होती, मधून मधून बारीक निळी फुले. साहेबांनी नाव का पडले ते विचारले, आणि त्यांना तीन उत्तरे मिळाली. वकील म्हणाला, तिची जमीन करड्या रंगाची, पांढऱ्या केसांसारखी म्हणून. थोरली म्हणाली, वाऱ्यावर उडणारी कापसाची म्हातारी सगळ्या शिवारातून येऊन इथेच उतरते म्हणून. आत्या म्हणाली, हिला कितीही दिलं तरी ही वाटून टाकते, स्वतःला ठेवत नाही, म्हणून.

साहेबांनी खाली वाकून ढेकूळ उचलले, बोटांत चुरले. ते म्हणाले, हिला खरेच विसावा हवा आहे, अर्ज अगदी खरा होता. मग ते ओशाळे झाले. पण मुदत संपली आहे. वृद्धांचा अर्ज तो रद्दच होणार. जमिनीसाठी पुढच्या वर्षी नवा भरावा लागेल.

धाकटीने मान डोलावली. पुढच्या वर्षी इथे खड्डा असणार हे तिने सांगितले नाही. ते सांगायची गरजही पडली नाही. ओढ्याच्या बाजूने वीटवाला येत होता, हातात कुदळ, मागे त्याचा लंगडा कुत्रा.

"आबा, जरा लवकरच आलो," त्याने लांबूनच हाक दिली. "म्हटलं, निरोप कळायच्या आधी म्हातारीला एकदा खणून बघू. हिची माती मी ओळखतो. म्हातारीची वीट म्हणजे कशी खणखणीत वाजेल."

साहेब दचकले, मग त्यांना आठवले आणि ते सावरले.

आबांनी धाकटीच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. वीटवाल्याला शब्द दिला होता, तो त्यांना मोडायचा नव्हता. पण अनुदान मिळाले नाही तर, असा तो शब्द होता, आणि अनुदान मिळाले नाही असे अजून कुठे लिहिले होते?

"साहेब, अर्ज वेळेत आला, की उशिरा?" त्यांनी विचारले.

"वेळेत. शिक्का आहे."

"म्हणजे अर्ज चुकला नाही, गठ्ठा चुकला. मग खाना-दुरुस्ती का करत नाही तुम्ही? पाहणीच्या दिवशी, जागेवर. तुमच्याच नियमात आहे. शेताचं चालतं नाव बांधाला बांध लागलेल्या मालकानं सांगायचं, घरच्यानं नाही. मग अर्ज योग्य गठ्ठ्यात जातो, पहिल्याच तारखेनं."

साहेब बघतच राहिले. हा नियम त्यांनी नोकरीला लागताना एकदा वाचला होता, वापरलेला कधी पाहिला नव्हता. आबांना तो कसा ठाऊक, असे त्यांनी विचारले.

आबांनी घसा साफ केला. कागद भरताना त्यांची कधी एकही चूक झाली नव्हती, हे घरातल्या सगळ्यांना पाठ होते. वकील लहानपणी शुद्धलेखनासाठी मार खाई तोही हेच वाक्य ऐकत.

"एका पावसाळ्यात ओढा फार चढला," आबा म्हणाले. "नुकसानीचा अर्ज मी भरला. लिहिलं, जावई वाहून गेला, काही हाती लागलं नाही."

"मग?" थोरलीने विचारले.

"कचेरीतून सांत्वनाचं पत्र आलं. मोठ्या साहेबांच्या सहीचं. मुलीला धीर द्या म्हणून."

"आबा, आम्हाला तर बहीणच नाही," वकील म्हणाला.

"म्हणून तर दुरुस्तीला गेलो."

हसण्याने बांधावरचे पक्षी उडाले. धाकटीही हसली, सकाळपासून पहिल्यांदा. हसता हसता तिचे डोळे भरले, कारण आबांनी हे तीस वर्षे पोटात ठेवले होते आणि आज तिच्यासाठी काढले होते. आबांना तिचा चेहरा दिसत नव्हता. तरी ते तिच्याच दिशेने म्हणाले, "पुढचे अर्जही तूच भर. गटाचा आकडा मात्र ठळक काढ."

मग हसणे ओसरले आणि सगळे वीटवाल्याकडे बघू लागले. उत्तरेचा बांध त्याचा होता. ओढ्यापलीकडे सरकारी कुरण. दुसरा शेजारी नव्हताच.

वीटवाला मूर्ख नव्हता. त्याने कुदळ जमिनीत रोवली आणि तिच्यावर रेलला.

"म्हणजे मी नाव सांगायचं, आणि माझीच माती जायची."

"माती अजून तुझी नाही," आत्या म्हणाली.

"झाली असती ना. मी म्हटलं, मला नाव माहीत नाही, तर?"

साहेबांनी नम्रपणे सांगितले, की आपण ते आत्ताच दोनदा घेतलेत, मी ऐकले. पण सही जबरदस्तीने घेता येत नाही. आपली खुशी.

वीटवाला कुदळीवर तसाच रेलून राहिला. वकिलाने तोंड उघडले तर थोरलीने त्याच्या पायावर पाय दिला. हे वाद घालून होण्यातले नव्हते. आबांनाही प्रश्न पडला, ज्याला शब्द दिला त्याची समजूत आपण कोणत्या तोंडाने काढायची?

धाकटी पुढे झाली. तिने विचारले, विटेला शेताचीच माती लागते, की गाळ चालतो? चालतो की, वीटवाला म्हणाला, गाळ तर लोण्यासारखा, पण गाळ देतो कोण? तिने खाली पाहुणीकडे बोट दाखवले. दर वर्षी ओढा तिथे गुडघाभर गाळ टाकून जातो. दर वर्षी आपण सगळे कंबर मोडून तो काढतो आणि काठावर फेकतो. तुम्ही काढून नेलात तर आमचे श्रम वाचतील. दर वर्षी ताजा. म्हातारीची माती तीन वर्षांत संपली असती, ओढा काही संपत नाही.

वीटवाला खाली उतरून गेला. त्याने पाहुणीतला गाळ हातात घेतला, दाबला, गोळा केला, अंगठ्याने चिरडला. चाखलाही. परत वर येईपर्यंत कोणी जागचे हलले नाही.

"ही पोर कुणाची?" त्याने आबांना विचारले.

"आमचीच," आबा म्हणाले.

"जपून ठेवा. दुकानात बसली तर वकिलाचं काही खरं नाही." त्याने हात पँटीला पुसले. "आणा तो कागद. म्हातारी म्हणजे म्हातारीच, माझा बापही तिला तेच म्हणायचा. दुसरं नाव सांगून ओढ्याकडे कसं बघणार मी?"

साहेबांनी कागद वकिलाच्या पाठीवर ठेवला, तेवढा एक उपयोग त्याचा झाला, आणि जुना खाना सरळ रेघेने खोडला. वीटवाल्याने सही केली. अर्जदार म्हणून धाकटीने केली. तिने एकेक अक्षर इतके सावकाश कोरले की वकिलाला गुदगुल्या झाल्या.

"एक राहिलं," साहेब म्हणाले. "देखभाल. घरचेच, असं आता चालायचं नाही, एक नाव लागेल. विसाव्यातल्या जमिनीला रोज बघणारं माणूस लागतं. काटेरी झुडपं काढायची, बांध बांधायचा, गुरं शिरू द्यायची नाहीत. पेरणी सोडून सगळं. तीन वर्षं, रोज."

कुणी कुणाकडे बघितले नाही, कारण बघायची गरज नव्हती. आत्याने वकिलाच्या पाठीमागे येऊन पेन घेतले. पडवीत अडले होते ते पेन आता भराभर चालले, शेवटच्या अक्षराला तर कागद फाटता फाटता राहिला.

"वय पन्नास लिहा," ती म्हणाली.

वकील वळणार होता, पण पाठीवर कागद होता.

साहेबांनी कागद खालपर्यंत नीट वाचला. "या खान्यात वय विचारत नाहीत, बाई," ते म्हणाले. "कामावर कधीपासून, एवढंच विचारतात."

"आत्तापासूनच," हे आत्याचे उत्तर त्यांना जरा लांबून ऐकू आले. ती वरच्या बांधाकडे निघाली होती, तिथे एक दगड सुटलेला तिने मघाशीच पाहून ठेवला होता.